सगळ्या वर्गाला डोळे मिटून बसवलं की झालं?

"शाळेत सरसकट माइंडफुलनेस (म्हणजे श्वासाकडे, या क्षणाकडे शांतपणे लक्ष द्यायचा सराव) शिकवा, मुलांचं टेन्शन, डिप्रेशन कमी होईल" हे किती वर्षं ऐकतोय आपण, पण तसं नाहीये. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ११ ते १४ वयाच्या ८ हजारांवर मुलांवर 'मिरियड' नावाची मोठी ट्रायल झाली, २०२२ मध्ये रिझल्ट आले आणि नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा काही दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नाही, आणि का करतील, त्यांनी कुठे मागितलं होतं? ज्याला स्वतःहून करावंसं वाटतं त्याला जरूर शिकवा हो, पण जे पोर आधीच खचलंय त्याला नुसतं श्वास मोजायला बसवू नका प्लीज, त्याला कौन्सेलर लागतो. त्या ट्रायलमध्ये थोडा फरक पडला तो शिक्षकांना, त्यांचा थकवा जरा कमी झाला, तोही काही काळच.