गॅसची लवचिक नळी (घरगुती)

टाकीवरच्या रेग्युलेटरपासून शेगडीपर्यंत गॅस नेणारी, वाकवता येणारी रबरी नळी. टाकी, रेग्युलेटर आणि शेगडी ही मुख्यतः धातूची असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. वाळणारी, चिरणारी आणि उंदरांच्या दाताला लागणारी वस्तू ही एकच. म्हणून ती आखूड असावी आणि येता-जाता नजरेस पडेल अशीच बसवावी. बाकीचे बहुतेक नियम या दोन गोष्टींतून निघतात.

घरगुती टाकीसाठी केशरी रंगाची ‘सुरक्षा’ नळी वापरतात. आत रबर, मध्ये बारीक पोलादी तारांची वीण आणि वर पुन्हा रबर अशी तिची घडण असते. तिच्यावर आयएसआय शिक्का, आयएस ९५७३ हा मानक क्रमांक आणि बनवल्याचा महिना-वर्ष छापलेले असते. लांबी दीड मीटरच्या आत ठेवायची आणि ५ वर्षांनी नळी बदलायची. वरून चांगली दिसते म्हणून मुदत वाढवत नेणे धोक्याचे आहे, कारण रबर आतूनही कडक होत जाते. साध्या रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळ्या स्वस्त मिळतात. त्या गॅससाठी घेऊच नयेत.

सातारा-सांगलीकडच्या असंख्य स्वयंपाकघरांत ओटा कडप्प्याचा, टाकी त्याच्या खाली आणि नळी वर घ्यायला कडप्प्यालाच पाडलेले भोक असते. खरा घोटाळा या भोकात आहे. ड्रिलने पाडलेल्या भोकाची खालची कड खरखरीत राहते. टाकी बदलताना दर वेळी नळी ओढली जाते आणि नेमकी त्याच जागी घासते. वरून पाहणाऱ्याला केशरी, धडधाकट नळी दिसते. खाली वाकून बॅटरी मारली तर रबर सोलवटून तारेची वीण उघडी पडलेली सापडते. नळी ओट्याच्या पुढून किंवा बाजूने घेता आली तर उत्तम. भोक ठेवायचेच असेल तर त्याची कड घासून गुळगुळीत करावी, आत पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवावा आणि नळी सहज सरकेल एवढी जागा ठेवावी. नळीला कापडी खोळ शिवण्याची पद्धत मोडायला हवी. खोळीखाली चिरा दिसत नाहीत आणि सांडलेले तेल मुरत राहते. ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर वस्तीत शिरतात. त्या दिवसांत ओट्याखाली अधिक वेळा पाहावे.

टाकीतला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. त्यामुळे बंद कपाटात टाकी ठेवली असेल तर दाराला खालच्या बाजूस जाळी हवी. टाकी उभी आणि शेगडी तिच्यापेक्षा उंचावर ठेवावी.

बसवताना नळीचे टोक तोटीवर शेवटपर्यंत सरकवायचे. घट्ट जात असेल तर पाण्याने ओले करावे, तेल लावू नये. क्लिप रबरात रुतेल एवढी आवळू नये. सैल झालेले टोक कापून तीच नळी पुन्हा लावण्याची काटकसर करू नये. मग रेग्युलेटर चालू करून दोन्ही सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. फुगे आले तर गळती आहे. काडी पेटवून तपासणे जिवावर बेतू शकते. वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नये आणि घराबाहेर येऊन १९०६ वर फोन करावा. नळी मध्येच कापून, टी लावून दुसरी शेगडी जोडणे हा जुगाड तर मुळीच करू नये.

गॅस गिझरसाठी टाकी गॅलरीत आणि लांबलचक नळी खिडकीतून आत, असे चित्र अनेक घरांत दिसते. उन्हाने रबर लवकर तडकते. एवढ्या अंतरासाठी भिंतीला पक्की केलेली तांब्याची नळी हवी, रबर फक्त शेवटच्या टप्प्याला. गिझर स्वतः न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा. कोंडलेल्या जागेत तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

सांगलीकरांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले. १४.२ किलो गॅसची भरलेली टाकी एकूण साधारण ३० किलोची असते, पण तिच्या पोटात ३३ लिटर पाणी मावेल एवढी जागा असते. म्हणून भरलेली टाकीसुद्धा पुरात तरंगते, हेलकावते आणि नळीला हिसके देते. घर सोडताना रेग्युलेटर काढून टाकीला टोपण लावावे आणि टाकी बांधून ठेवावी. पूर ओसरल्यावर गाळाच्या पाण्यात भिजलेली नळी धुऊन वापरू नये, नवीच घ्यावी. रेग्युलेटर वितरकाकडून तपासून घ्यावा.

नळीच्या लवचिकपणाचा भूकंपात फायदा होतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या पाटण भागात हे सांगायला नको. कडक जोडणी धक्क्याने तुटते, वाकणारी नळी धक्का सोसते. जपानमध्ये याच कामासाठी वळ्यांची पोलादी नळी पुढे आली. मात्र तिचा पत्रा पातळ असल्याने जवळ वीज पडली तर भोक पडू शकते, म्हणून तिला अर्थिंगशी जोडावे लागते.

गोबरगॅसचे गणित वेगळे आहे. त्या गॅसमध्ये वाफ असते. नळीला कुठे झोळ पडला की तिथे पाणी साचून गॅस अडतो आणि शेगडी भकभकते. नळीला संयंत्राकडे उतार द्यावा आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची सोय ठेवावी.

घरी पाइपलाइनचा गॅस आला तर टाकीची शेगडी आहे तशी जोडता येत नाही. दोन्ही गॅसचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडे, वेगळे असतात. जेट आणि जोडनळी दोन्ही गॅस कंपनीच्या माणसाकडून बदलून घ्यावीत. हा गॅस हवेपेक्षा हलका असल्याने वरच्या बाजूचा झरोकाही उघडा ठेवावा लागतो.