स्लाइड गिटार

स्लाइड गिटार : गिटारच्या तारा बोटांनी फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) दाबण्याऐवजी काचेची किंवा धातूची नळी तारांवरून सरकवून वाजवण्याची पद्धत. त्या नळीलाही स्लाइडच म्हणतात. पूर्वी ती बाटलीची मान कापून बनवत, म्हणून ‘बॉटलनेक’ हे जुने नाव अजून चालते. नळी फिरू लागली की फ्रेटच्या पायऱ्या उरत नाहीत आणि दोन स्वरांमधली सगळी जागा वाजवता येते. आपण जिला मींड म्हणतो ती या वादनाचा कणा आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी डेल्टातल्या कृष्णवर्णीय वादकांनी या पद्धतीत ब्लूज या आपल्या गाण्याचा गळा उतरवला. पुढे १९७० च्या आसपास दक्षिणेतल्या सदर्न रॉक वादकांनी तिच्यावर लांबलचक, विस्तार करत जाणारे वादन उभे केले.

उगमाचे दोन धागे सांगतात. एक, घराच्या भिंतीवर खिळ्यांनी ताणलेली एकच तार आणि तिच्यावर फिरणारी बाटली. डेल्टातली मुले या ‘डिडली बो’वर हात बसवत, आणि तिची मुळे आफ्रिकेतल्या एकतारी वाद्यांत शोधली जातात. दुसरा धागा हवाई बेटांवरच्या, मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांबीने वाजवायच्या गिटारचा. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर रेल्वे स्थानकावर एका माणसाला तारांवर चाकू दाबून गिटार वाजवताना ऐकले. त्यांनीही त्याची तुलना हवाईयन वादकांशीच केली आहे.

वाद्याच्या तारा नेहमीच्या सुरांत ठेवूनही स्लाइड वाजते, पण बहुतेक वादक तारा उघड्या छेडल्या तरी पूर्ण मेजर कॉर्ड (सा–ग–प हे एकत्र वाजणारे स्वर) वाजेल अशा लावतात. जाड तारेपासून बारीक तारेकडे मोजल्यास ‘ओपन ई’ म्हणजे ई–बी–ई–जी शार्प–बी–ई. षड्ज पांढरी तीनचा (म्हणजे ई) धरला की हेच सा–प–सा–ग–प–सा. नेहमीच्या सुरांतून इथे येताना पाचवी व चौथी तार (तारांचे क्रमांक मात्र बारीक तारेपासून मोजतात) दोन-दोन आणि तिसरी तार एक अर्धस्वर चढवावी लागते. ‘ओपन डी’मध्ये हीच रचना एक पूर्ण स्वर खाली असते. ‘ओपन जी’ मात्र वेगळी : डी–जी–डी–जी–बी–डी, म्हणजे प–सा–प–सा–ग–प. तिच्यात पहिली, पाचवी व सहावी तार प्रत्येकी एक पूर्ण स्वर उतरवायची. अकूस्टिक गिटारवर ओपन ई लावण्याच्या फंदात पडू नये. तीन तारांचा ताण वाढतो आणि तो ब्रिज व मानेवर येतो. ओपन डी लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) चढवला की तेच सूर मिळतात. ओपन ईमध्ये बारा आवर्तनांच्या ब्लूजचे तिन्ही कॉर्ड सरळ रेषेत सापडतात : पहिला (सा-चा) उघड्या तारांवर किंवा बाराव्या फ्रेटवर, चौथा (म-चा) पाचव्या फ्रेटवर, पाचवा (प-चा) सातव्या फ्रेटवर.

पहिली तार ०.००९ इंच जाडीची असलेल्या बारीक संचावर नळी ठेवली की तार खाली झुकून फ्रेटला खडखडते. म्हणून निदान ०.०११ चा संच घ्यावा. बाराव्या फ्रेटपाशी तारेची उंची अडीच ते तीन मिलिमीटर असली तर हात मोकळा राहतो. काच मऊ, गोल आवाज देते. पितळ जड असते, नाद लांबवते आणि आवाजाला धार आणते. नळी बोटात डुगडुगली तर सूर कधीच स्थिर होत नाही, तेव्हा आतून चामड्याची पट्टी किंवा चिकटपट्टी लावून ती घट्ट करावी. बोटाच्या निवडीत मोठ्या वादकांचे एकमत नाही. मडी वॉटर्स आणि जॉनी विंटर यांची नळी करंगळीत असे, त्यामुळे बाकीची तीन बोटे कॉर्ड धरायला मोकळी राहत. ड्वेन ऑलमन अनामिका वापरी, बॉनी रेट मधले बोट वापरते.

शिकणाऱ्याची पहिली चूक ठरलेली. बोट फ्रेटच्या मागे दाबायची सवय असते, म्हणून नळीही तिथेच ठेवली जाते आणि स्वर उतरलेला वाजतो. नळी बरोबर फ्रेटच्या पट्टीच्या डोक्यावर, तिला समांतर हवी. ती तिरकी झाली तर एका तारेचा सूर बरोबर आणि शेजारच्या तारेचा बेसूर निघतो. दाब फक्त स्पर्शापुरता. जास्त दाबले की टक्क आवाज होतो आणि सूर चढतो. नळीच्या मागे, नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) बाजूला उरलेला तारेचा तुकडाही कुजबुजत राहतो. तो गप्प करण्यासाठी तर्जनी नळीमागे तारांवर हलकी टेकवायची. वाजवत नसलेल्या तारा उजव्या हाताने झाकायच्या : अंगठा जाड तारांवर टेकतो, तर्जनी व मधले बोट मधल्या तारांवर. हे दाबणे साधले नाही तर महागातली गिटारही गोंगाट करते, आणि स्लाइडचे निम्मे कसब याच न वाजणाऱ्या तारांत आहे. कंप शेवटी द्यावा. आधी स्वरावर येऊन थांबावे, मग मनगटाने नळी फ्रेटच्या दोन्ही बाजूंना सारखी हलवावी. लगेच थरथरणारा हात बहुधा न सापडलेला सूर लपवत असतो. तानपुरा पांढरी तीनमध्ये लावून बाराव्या फ्रेटवर नुसता षड्ज धरण्याचा सराव सर्वांत फलदायी ठरतो. ब्लूजचा गंधार तर फ्रेटवर नसतोच. पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा कोमल गंधार घेऊन चौथ्याकडे किंचित ढकलायचा आणि तिथे पोहोचण्याआधी सोडून द्यायचा.

हे सगळे एका जागी ऐकायचे तर ब्लाइंड विली जॉन्सन ऐकावा. डिसेंबर १९२७ मध्ये डॅलस येथे त्याने ध्वनिमुद्रित केलेल्या ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’मध्ये एकही शब्द नाही. तो गुणगुणतो आणि स्लाइड त्याच गळ्याने उत्तर देते. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत पाठवलेल्या सुवर्ण तबकडीवर हे ध्वनिमुद्रण आहे. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ व १९३७ मध्ये टेक्ससमध्ये २९ गाणी मुद्रित केली आणि १९३८ मध्ये तो वारला. त्याचे ‘डस्ट माय ब्रूम’ एल्मोर जेम्सने १९५१ मध्ये विजेच्या गिटारवर घेतले. बाराव्या फ्रेटवर सगळा कॉर्ड त्रिकांत (एका मात्रेत तीन ठोके) धडधडवणारी त्याची सुरुवात पुढच्या प्रत्येक स्लाइडवादकाला पाठ करावी लागली. मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला गेला आणि त्याच्यासोबत डेल्टाची स्लाइड शहरात पोहोचली.

ऑलमन ब्रदर्स बँडचा ड्वेन ऑलमन (१९४६–१९७१) हा सदर्न रॉकमधला सर्वांत मोठा स्लाइडवादक, आणि त्याची सुरुवात सर्दीच्या गोळ्यांपासून झाली. धाकटा भाऊ ग्रेग याने सांगितलेल्या हकिकतीनुसार, आजारी ड्वेनला त्याने वाढदिवसाला ताज महाल या गायकाची तबकडी आणि कोरिसिडिन गोळ्यांची बाटली दिली. तबकडीवर ‘स्टेट्सबरो ब्लूज’मध्ये जेसी एड डेव्हिसची स्लाइड होती. ड्वेनने गोळ्या ओतून दिल्या, लेबल धुऊन काढले आणि बाटली अनामिकेत चढवली. बंद बुडाची ती छोटी काचेची बाटली आता औषधाच्या दुकानात मिळत नाही, पण तिच्या प्रतिकृती गिटारच्या दुकानांत विकल्या जातात. प्रत्येक गाण्याला तारांचे सूर बदलावे लागू नयेत म्हणून साथीदार डिकी बेट्सने त्याला आपली गिब्सन एसजी ही विजेची गिटार दिली, ती ओपन ईमध्येच राही. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात मुद्रित झालेल्या मैफलींत ही स्लाइड हार्मोनिकासारखी श्वास घेत वाजते. एरिक क्लॅप्टनच्या ‘लैला’ या गाण्याच्या अगदी शेवटी येणारी पाखराची किलबिलही त्याचीच आहे, नळी शेवटच्या फ्रेटच्याही पुढे नेऊन काढलेली. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला मेकन, जॉर्जिया येथे मोटारसायकल अपघातात तो गेला, वय २४. बेसवादक बेरी ओकली पुढच्या वर्षी ११ नोव्हेंबरला, जवळच्याच रस्त्यावर, तसाच गेला. दोघांच्या कबरी रोझ हिल दफनभूमीत शेजारी आहेत.

लिनर्ड स्किनर्ड हा वाद्यवृंद मंचावर ‘फ्री बर्ड’ ड्वेनला अर्पण करी. त्यातली संथ, गाण्याच्या मधून उठणारी स्लाइड गॅरी रॉसिंग्टनची. २० ऑक्टोबर १९७७ च्या मिसिसिपीतल्या विमान अपघातातून तो वाचला. गायक रॉनी व्हॅन झँट व गिटारवादक स्टीव्ह गेन्स वाचले नाहीत.

भारतात ही पद्धत हवाईयन गिटारच्या वाटेने आली आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर रागसंगीत वाजवले. विश्वमोहन भट्ट व अमेरिकन स्लाइडवादक राय कूडर यांच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाले. उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. ड्वेनच्या जागी पुढे वाजवलेला डेरेक ट्रक्स अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदचे ऋण मानतो. ओपन ई, एसजी आणि अनामिकेतली काच तशीच ठेवून तो पिक न धरता उघड्या बोटांनी तारा छेडतो, त्यामुळे छेडणारे बोट लगेच शेजारची तार दाबायला मोकळे होते.