हेलकाव्यांवरचे वाचन

नवी मुंबईलगतच्या उरणमधील मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याकडे निघालेल्या लाँचमध्ये समोरच्या बाकावर कोणी वर्तमानपत्र वाचत असेल, तर थोडा वेळ त्याच्या डोळ्यांकडे निरखून पाहावे. बुबुळे ओळीवरून सलग सरकत नाहीत. ती लहान लहान उड्या घेतात, प्रत्येक उडीनंतर क्षणभर थबकतात आणि ओळ संपली की एका मोठ्या झेपेत पुन्हा डावीकडे येतात. पॅरिसमधील नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे नोंदवले गेले आणि वाचनवेगाचा पुढचा बहुतेक अभ्यास याच निरीक्षणावर उभा राहिला.

एका उडीला साधारण 20 ते 40 मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात डोळा मजकूर टिपत नाही. वाचन होते ते थांब्यांमध्ये, आणि असा प्रत्येक थांबा सरासरी 200 ते 250 मिलिसेकंदांचा असतो. त्यातही ठळक दिसतो तो दृष्टिपटलाच्या मध्यावर पडणारा जेमतेम दोन अंशांचा भाग, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा. इंग्रजी वाचणाऱ्याला नजरेच्या उजवीकडील सुमारे 15 आणि डावीकडील तीन-चार अक्षरांचाच उपयोग होतो, असे प्रयोगांत आढळले आहे. एका दृष्टिक्षेपात अख्खे पान वाचण्याचा दावा डोळ्याच्या या रचनेपुढेच टिकत नाही.

जलद वाचणाऱ्याचे थांबे कमी आणि आखूड असतात, मागच्या शब्दाकडे परतणाऱ्या उड्याही थोड्या असतात. पण हा सगळा शब्द चटकन ओळखता येण्याचा परिणाम आहे. नुसते डोळे भराभर फिरवल्याने वेग वाढत नाही. एव्हलिन वूड यांनी 1959 मध्ये अमेरिकेत द्रुतवाचनाचे वर्ग सुरू केले आणि तेव्हापासून मिनिटाला हजारो शब्दांची आश्वासने दिली जात आहेत. वाचनातील नेत्रहालचालींचे अभ्यासक कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतलेला या विषयावरील संशोधनाचा आढावा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वेग फार वाढवला की आकलन घटते, असाच निष्कर्ष निघाला. मनातल्या मनात होणारा उच्चार दाबून टाकण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. मला तो घातक वाटतो, कारण गुंतागुंतीचे वाक्य समजून घेताना त्या आतल्या आवाजाची मदत होते. इंग्रजीतील ललितेतर मजकूर मूकपणे वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला 238 शब्द आहे, असे मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी 2019 मध्ये केलेल्या वाचनवेगाच्या अभ्यासांच्या संकलनात दिसते. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच लिहिली जात असल्याने हा आकडा आपल्या वाचनाला जसाच्या तसा लावू नये. खरा वेग येतो तो शब्दसंग्रहातून, विषयाच्या ओळखीतून आणि वर्षानुवर्षांच्या वाचनातून.

लाँच खडकाळ किनारा मागे टाकून मोकळ्या पाण्यात आली की वाचकापुढे निराळी अडचण उभी राहते. आपले डोके हलते तेव्हा आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका ती हालचाल टिपतात आणि काही मिलिसेकंदांतच डोळे उलट दिशेला वळवतात, म्हणूनच चालतानाही समोरची पाटी वाचता येते. बोटीवर मात्र पुस्तकही डोक्याबरोबरच डोलत असते, त्यामुळे मेंदूला ही प्रतिक्षिप्त क्रिया सतत आवरावी लागते. शिवाय कान सांगतो की शरीर हलते आहे आणि पानावर खिळलेले डोळे सांगतात की सारे स्थिर आहे. या विसंगतीतूनच मळमळ सुरू होते, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. वर-खाली होणाऱ्या हेलकाव्यांपैकी साधारण पाच सेकंदांना एक या गतीचे हेलकावे सर्वांत त्रासदायक ठरतात, हे 1970 च्या दशकातील प्रयोगांत दिसले. खुल्या समुद्रात मोठ्या प्रवासी जहाजाचे डोलणे अनेकदा याच्याच आसपास असते, तर खाडीतील लहान लाटांवर लाँच त्याहून जलद हिंदकळते.

यावरून जहाजावर वाचणाऱ्याने काय करावे, हे उघड आहे. नाळेपेक्षा आणि वरच्या मजल्यापेक्षा जहाजाच्या मध्यभागी, शक्यतो खालच्या डेकवर हालचाल कमी जाणवते. पण बंद केबिनपेक्षा जिथून क्षितिज दिसते अशी जागा बरी. पुस्तक मांडीवर ठेवून मान खाली घालण्याऐवजी ते नजरेसमोर धरावे आणि परिच्छेद संपला की लांब पाहावे. मोऱ्याच्या वाटेवर घारापुरीचे डोंगर किंवा न्हावा-शेवा बंदरातील उंच क्रेन त्यासाठी आयत्याच मिळतात. प्रवासासाठी ओळखीच्या विषयावरचे पुस्तक निवडले, तर मागे फिरणाऱ्या उड्या आपोआप घटतात आणि डोळ्यांवरचा ताणही कमी होतो. पोटात ढवळू लागल्यावर मात्र पान संपवण्याचा हट्ट धरू नये, कारण एकदा सुरू झालेली मळमळ पुस्तक मिटल्यानंतरही बराच वेळ रेंगाळते.

लांबच्या सागरी प्रवासात बहुतेकांना दोन-तीन दिवसांत डोलण्याची सवय होते, कारण मेंदू त्या हालचालीचा अंदाज आधीच बांधू लागतो. वाचनाचा नेहमीचा वेगही साधारण त्याच सुमारास परत येतो. हाच अंदाज किनाऱ्यावर उतरल्यानंतर काही तास टिकून राहतो आणि धक्क्याची फरशी पायाखाली हलल्यासारखी वाटते.