फॉलआउटचे ओव्हरहॉल मॉड : एका निवडीमागचा इतिहास

'फॉलआउट : न्यू वेगास' हा व्हिडिओ गेम आज नव्याने खेळायला घेणाऱ्यापुढे गेम सुरू होण्याआधीच एक प्रश्न उभा राहतो: कोणता ओव्हरहॉल मॉड, म्हणजे खेळाचे नियमच बदलणारी चाहत्यांनी केलेली भर, घ्यायचा? जुन्या शिफारशी वाचल्या तर 'प्रोजेक्ट नेवाडा' आणि 'जेसॉयर' असा सरळ सामना दिसतो. अलीकडच्या शिफारशी वाचल्या तर दोन्ही नावे बाजूला पडलेली असतात आणि त्यांच्या जागी पंचवीस-तीस लहान मॉडची यादी असते. हा बदल केवळ आवडीनिवडीचा नाही. कोणता ओव्हरहॉल चांगला हे ठरवण्याआधी प्रत्येक ओव्हरहॉल कोणत्या तक्रारीला उत्तर म्हणून तयार झाला आणि तो बनवणाऱ्यांच्या हाती त्या वेळी कोणती साधने होती, हे पाहावे लागते. तसे पाहिल्यावर बऱ्याच जुन्या वादांचा जोर आपोआप ओसरतो.

ओव्हरहॉल ही कल्पना फॉलआउटच्या आधीची आहे. बेथेस्डा या कंपनीचा 'ऑब्लिव्हियन' हा गेम २००६ मध्ये आला, तेव्हा त्यातील शत्रू खेळाडूच्या लेव्हलप्रमाणे वाढत असत. खेळाडू वरच्या लेव्हलला पोहोचला की रस्त्यावरचे साधे दरोडेखोरसुद्धा जगातले सर्वांत महागडे चिलखत घालून उभे राहत आणि वाटसरूकडे किरकोळ खंडणी मागत. या विसंगतीला उत्तर म्हणून शत्रू, लूट, शस्त्रे आणि स्किल यांची एकत्र फेरमांडणी करणारे मोठे मॉड निघाले. 'ऑस्क्युरोज ऑब्लिव्हियन ओव्हरहॉल' हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव. ओव्हरहॉल हा शब्द या वर्तुळात रूढ होण्यात त्याचा मोठा वाटा आहे. एखादे शस्त्र किंवा पोशाख वाढवणारा मॉड आणि खेळाचे नियमच बदलणारा मॉड यांतला फरक तेव्हापासून स्पष्ट झाला.

ऑक्टोबर २००८ मध्ये 'फॉलआउट ३' आला तो त्याच घराण्यातल्या इंजिनवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर, आणि डिसेंबर २००८ मध्ये बेथेस्डाने 'गेक' हे संपादनाचे साधन खुले केले. ऑब्लिव्हियनवर हात बसलेले अनेक मॉडर थेट इकडे वळले. त्यांना दिसलेली अडचण मात्र वेगळी होती. १९९७ आणि १९९८ सालच्या पहिल्या दोन फॉलआउटमध्ये चिलखताला दोन गुण असत: ठरावीक मार सरळ वजा करणारा 'डॅमेज थ्रेशोल्ड' आणि उरलेल्या मारातून काही टक्के कमी करणारा 'डॅमेज रेझिस्टन्स'. फॉलआउट ३ मध्ये त्यांतला फक्त टक्केवारीचा गुण राहिला, आणि त्याची कमाल ८५ टक्के होती. त्यात शत्रूंची हेल्थ भरमसाट, गोळ्यांचा मार त्या मानाने कमी. परिणामी एखाद्या शत्रूच्या डोक्यात जवळून मॅगझिन रिकामे केले तरी तो शांतपणे चालून येई. मे २००९ मधल्या 'ब्रोकन स्टील' या डीएलसीने (गेमला नंतर जोडलेल्या अधिकृत भागाने) लेव्हलची मर्यादा २० वरून ३० वर नेली आणि वरच्या लेव्हलसाठी आणखी जाड कातडीचे शत्रू आणले. त्यामुळे ही तक्रार तीव्र झाली. दुसऱ्या बाजूला 'व्हॅट्स', म्हणजे खेळ थांबवून नेम धरण्याची सोय, चालू असताना खेळाडूला लागणारा मार मोठ्या प्रमाणात कमी होई, म्हणजे धोका टाळण्याची सोय गेमनेच करून ठेवलेली होती. उपासमारीच्या आणि किरणोत्साराच्या जगात खेळाडूच्या पिशवीत शेकडो स्टिमपॅक (जखम भरणारी औषधे) साठलेले असत, हे दृश्य त्या काळी कोणालाच अनोळखी नव्हते.

'फॉलआउट वाँडरर्स एडिशन', म्हणजेच एफडब्ल्यूई, या तक्रारीला मिळालेले सर्वांत विस्तृत उत्तर होते. गोळीचा मार दोन्ही बाजूंना वाढवणे, औषधे दुर्मीळ करणे, भूक, तहान आणि झोप यांची गरज आणणे, धावण्याची आणि काळ मंद करण्याची सोय देणे, असा त्याचा मोठा आवाका होता. त्यातले बरेचसे भाग आधी सुटे मॉड म्हणून अस्तित्वात होते. एफडब्ल्यूईने ते एकत्र बांधले, त्यांचे आकडे एकमेकांशी जुळवले आणि बरेच पर्याय खेळाडूला गेममध्येच चालू-बंद करता येतील असे केले. 'फूक', म्हणजे 'फॉलआउट ओव्हरहॉल किट', त्याच काळातला दुसरा मोठा प्रकल्प. त्याचा भर नवी शस्त्रे आणि साहित्य भरण्यावर अधिक होता. मला एफडब्ल्यूईची बाजू नेहमीच जास्त पटत आली आहे, कारण वस्तू वाढवल्याने जग समृद्ध दिसते, पण ओसाड प्रदेशात समृद्धी हा गुण नसून दोष आहे.

या काळातली सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट मात्र एखाद्या मॉडपेक्षा मॉडमधल्या तहांची होती, आणि तिचे महत्त्व समजण्यासाठी इंजिनच्या एका नियमाकडे जवळून पाहावे लागते. गेममधली प्रत्येक वस्तू ही एक नोंद असते. समजा, शिकारी रायफलच्या नोंदीत मार, वजन, किंमत, मॉडेल, आवाज असे वीस रकाने आहेत. एका ओव्हरहॉलने फक्त मार वाढवला, दुसऱ्या मॉडने फक्त मॉडेल बदलले. आपली स्वाभाविक अपेक्षा अशी की दोन्ही बदल लागू होतील. परंतु इंजिन रकाने जुळवत नाही. लोड ऑर्डरमध्ये, म्हणजे मॉड वाचले जाण्याच्या क्रमात, जो प्लगइन (मॉडची फाइल) शेवटी येतो, त्याची संपूर्ण नोंद ग्राह्य धरली जाते. मॉडेल बदलणारा मॉड शेवटी असेल, तर त्याने मार या रकान्याला हातही लावलेला नसताना मूळ गेमचा जुना मार परत येतो आणि ओव्हरहॉलचे काम त्या रायफलपुरते पुसले जाते. कोणतीही सूचना येत नाही, गेम बंद पडत नाही. केवळ एक रायफल उगाच दुबळी वाटत राहते. मी स्वतः एक आख्खा खेळ अशा दुबळ्या रायफलीवर काढला आणि दोष ओव्हरहॉलच्या लेखकाला देत बसलो होतो.

म्हणून एफडब्ल्यूई, शत्रूंची विविधता वाढवणारा 'मार्ट्स म्युटंट मॉड' आणि शस्त्रांना जोडणी देणारा 'वेपन मॉड किट्स' यांच्या कर्त्यांनी 'फॉलआउट इंटरऑपरेबिलिटी प्रोग्रॅम' या नावाखाली एकमेकांशी जुळणारे पॅच (जोड-फाइली) द्यायला सुरुवात केली. मोठे ओव्हरहॉल एकगठ्ठा का असत, याचे उत्तरही याच नियमात आहे. एकाच हाताने सर्व नोंदी बदलल्या तर संघर्षाचा प्रश्नच उरत नाही. एकगठ्ठा बांधणी ही त्या वेळची तांत्रिक गरज होती, लेखकांची हौस नव्हे.

ऑक्टोबर २०१० मध्ये ऑब्सिडियन या कंपनीने बनवलेला 'न्यू वेगास' आला आणि ओव्हरहॉलची भूमिकाच बदलली. त्याचे दिग्दर्शक जोश सॉयर यांनी ब्लॅक आयल या जुन्या स्टुडिओत असताना रद्द झालेल्या 'व्हॅन ब्युरेन' या फॉलआउट प्रकल्पावर काम केले होते आणि जुन्या नियमांची त्यांना जाण होती. न्यू वेगासमध्ये डॅमेज थ्रेशोल्ड परत आला. त्याने काय साधले हे साध्या हिशोबाने कळते. पाच गोळ्या, प्रत्येकीचा मार १६. आणि दुसरीकडे एकच गोळी, मार ८०. एकूण मार दोन्हीकडे सारखाच. शत्रूचे संरक्षण १५ टक्क्यांचे असेल तर दोन्ही शस्त्रे ६८ चाच मार देतात, म्हणजे शस्त्र निवडण्याला अर्थ राहत नाही. पण थ्रेशोल्ड १५ असेल, तर मोठी गोळी ६५ चा मार देते. लहान गोळीतून खरे तर १ एवढाच उरायला हवा, मात्र किमान २० टक्के मार पोहोचतोच असा नियम असल्यामुळे प्रत्येकी ३.२, म्हणजे पाच गोळ्यांत मिळून १६. चिलखत भेदणाऱ्या गोळ्या, उघड्या शरीरावर चालणाऱ्या गोळ्या, जड रायफल आणि हलकी सबमशीन गन यांतली निवड त्यामुळे खरोखरीची निवड झाली. जोडीला भूक, तहान, झोप, गोळ्यांचे वजन आणि हळूहळू काम करणारे स्टिमपॅक असलेला 'हार्डकोर मोड' मूळ गेममध्येच आला. फॉलआउट ३ च्या मॉडरांनी ज्यासाठी एवढा खटाटोप केला होता, त्यातले बरेच काही आता विकत घेतलेल्या गेममध्येच मिळत होते.

मग ओव्हरहॉलला काम काय उरले? याची दोन उत्तरे निघाली, आणि पुढची दहा वर्षे चाललेला वाद याच दोन उत्तरांमधला आहे.

पहिले उत्तर 'प्रोजेक्ट नेवाडा'. त्यामागे एफडब्ल्यूईच्या वर्तुळातलीही माणसे होती आणि त्यांनी जुन्या अनुभवावरून एकगठ्ठा बांधणी टाळून चार भाग केले: कोअर, सायबरवेअर, रीबॅलन्स आणि इक्विपमेंट. कोअर भागात धावणे, काळ मंद करणे, ग्रेनेडसाठी वेगळी कळ, हेल्मेटच्या काचेतून दिसणारे दृश्य अशा सोयी होत्या. गेमचा वेग आणि हाताला जाणवणारा प्रतिसाद समकालीन शूटर गेमच्या जवळ नेणे, हा त्याचा उघड हेतू होता. रीबॅलन्समध्ये लेव्हल, हेल्थ, वजन, अनुभवगुण यांचे आकडे मेनूतून खेळाडूच्या हाती दिलेले होते. ही मोकळीक हेच त्याच्या लोकप्रियतेचे कारण, आणि माझ्या मते हीच त्याची उणीवही. वीस आकडे खेळाडूने ठरवायचे असतील, तर संतुलनाची जबाबदारी लेखकाने खेळाडूवर टाकलेली असते, आणि गेम अजून न खेळलेल्या माणसाला ती पेलत नाही.

दुसरे उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. सगळे डीएलसी प्रसिद्ध झाल्यानंतर, २०११ च्या अखेरीस, सॉयर यांनी 'जेसॉयर' हा स्वतःचा संतुलन-मॉड विनामूल्य उपलब्ध करून दिला. गेमच्या दिग्दर्शकाने आपल्याच गेमसाठी खासगी पातळीवर मॉड द्यावा, हे विरळाच. मूळ गेमची ३० ची लेव्हल-मर्यादा चार कथा-डीएलसींनी प्रत्येकी पाचने वाढवून ५० पर्यंत नेली होती. त्यामुळे शेवटाकडे खेळाडू जवळपास सर्व स्किलमध्ये तरबेज होई आणि पात्राची सुरुवातीची निवड निरर्थक ठरे. सॉयर यांनी ही मर्यादा ३५ केली. वाहून नेण्याच्या वजनाचा पाया १५० वरून ५० वर आणला, म्हणजे स्ट्रेंग्थ (ताकद) ५ असलेले पात्र २०० ऐवजी १०० एवढेच वजन उचलू शकते. हेल्थही कमी केली. नवी कळ नाही, नवे दृश्य नाही, मेनू नाही. आकडे त्यांचे, आणि पटले नाहीत तर मॉड काढून टाकायचा.

दोहोंतला फरक म्हणूनच सोपा-अवघड असा नव्हता. प्रोजेक्ट नेवाडा गेम हाताला कसा लागतो ते बदलतो. जेसॉयर बदलतो ते गेममधल्या टंचाईचे गणित. रीबॅलन्स भाग आणि जेसॉयर एकाच प्रकारच्या आकड्यांवर हक्क सांगतात म्हणून तेथे संघर्ष होतो, पण कोअर भाग जेसॉयरबरोबर घेणारे खेळाडू सुरुवातीपासून होते. 'हा की तो' हा सामना बऱ्याच अंशी मांडणीतून निर्माण झालेला होता. 'डस्ट' सारखे मॉड या सामन्यात मोडतच नाहीत. तेथे कथा आणि माणसे जवळजवळ बाजूला सारून केवळ तगून राहणे उरते, आणि पहिल्यांदा खेळणाऱ्याने त्याच्या वाटेला न गेलेलेच बरे.

पुढच्या काळात दोन्ही नावे मागे पडली ती कल्पना फसल्या म्हणून नव्हे. न्यू वेगास हा ३२-बिटी गेम. मुळात तो २ जीबीच मेमरी वापरू शकतो, आणि ४ जीबीचा पॅच लावूनही मोठ्या मॉडचा भार त्याला जड जातो. शिवाय प्लगइनची संख्या वाढली की गेम डळमळतो. प्रोजेक्ट नेवाडाचा कोअर भाग सतत चालणाऱ्या स्क्रिप्टवर उभा होता, कारण त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. नंतर 'एनव्हीएसई' या स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर (गेमच्या स्क्रिप्टची क्षमता वाढवणाऱ्या साधनावर) आधारलेले प्लगइन तयार झाले, जे गेमच्या मूळ कोडमध्येच बदल करतात. धावण्याची सोय किंवा वजनाची मर्यादा यांसाठी आता एखादी सेटिंग फाइल पुरते, नोंदी बदलाव्या लागत नाहीत आणि लोड ऑर्डरमधली एक जागाही खर्च होत नाही. 'एक्सएडिट' या साधनाने दोन प्लगइनमधला संघर्ष रकान्यापर्यंत खाली जाऊन डोळ्यांनी पाहता येऊ लागला, त्यामुळे पॅच बनवणे सामान्य खेळाडूच्याही आवाक्यात आले. एकगठ्ठा ओव्हरहॉलची जी तांत्रिक गरज होती, तीच संपली. जेसॉयरचे मूळ आकडे मात्र टिकले. दुसऱ्या मॉडरने चुका दुरुस्त करून काढलेल्या 'जेसॉयर अल्टिमेट एडिशन' या रूपात ते आजही वापरात आहेत, कारण आकड्यांना जुनेपण येत नाही.

फॉलआउट ३ ची कथा तर आणखी वेगळ्या वळणाने गेली. 'टेल ऑफ टू वेस्टलँड्स' हा प्रकल्प तो संपूर्ण गेमच न्यू वेगासच्या इंजिनमध्ये चालवतो, त्यामुळे थ्रेशोल्ड आणि गोळ्यांचे प्रकार तेथे आयतेच मिळतात. ऑक्टोबर २०२१ मधल्या अधिकृत अपडेटने फॉलआउट ३ ची मुख्य फाइल बदलली आणि जुन्या स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर चालणारे मॉड अडले, तेव्हा एफडब्ल्यूईच्या वाटेने जाणाऱ्यांची संख्या साहजिकच आणखी घटली.

'फॉलआउट ४' मध्ये हाच प्रवास नव्या टोकापासून सुरू झाला. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या या गेमला २०१६ मध्ये नव्याने रचलेला 'सर्व्हायव्हल' मोड मिळाला: झटपट प्रवास बंद, भूक-तहान-आजार चालू, आणि सेव्ह करायचे तर झोपावे लागणार. एका अर्थाने तो कंपनीनेच दिलेला ओव्हरहॉल होता. 'होरायझन' सारखे मोठे मॉड त्याही पुढे जाऊन साहित्य, हस्तकला आणि वस्ती यांची फेरमांडणी करतात. हा गेम ६४-बिटी असल्याने मेमरीची जुनी अडचण नाही, आणि २०१७ पासून आलेल्या, वेगळी जागा न घेणाऱ्या हलक्या प्लगइनमुळे जागेचाही प्रश्न सैल झाला. त्याऐवजी नवी अडचण आली ती अपडेटची. एप्रिल २०२४ मध्ये 'फॉलआउट' दूरचित्रवाणी मालिकेपाठोपाठ आलेल्या मोठ्या अपडेटने स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर अवलंबून असलेले मॉड काही काळ बंद पाडले, 'फॉलआउट : लंडन' या प्रचंड मॉडचे ठरलेले प्रकाशन पुढे जाऊन जुलैमध्ये झाले, आणि बऱ्याच जणांनी गेमची जुनी आवृत्ती परत बसवली. फॉलआउट ४ साठी ओव्हरहॉल निवडणाऱ्याला आता पहिली चौकशी आकड्यांची करून चालत नाही. तो मॉड गेमच्या कोणत्या आवृत्तीवर चालतो, हे आधी पाहावे लागते.