मांसाचा उगम कोणी सिद्ध करायचा? मुंबईतील मांस व्यवसायाच्या नियमनाची पार्श्वभूमी

मुंबई महानगरातील मध्यम आकाराच्या मांस कंपन्यांपुढचे आजचे बहुतेक नियामक प्रश्न एका मुद्द्यापाशी येऊन थांबतात. हाती असलेले मांस कोणत्या जनावराचे, ते कोठे कापले गेले, आणि शंका आल्यास हे दाखवून देण्याची जबाबदारी कोणाची? एकेकाळी या प्रश्नाचे उत्तर पशुवधगृहाच्या शिक्क्यात मिळत असे. आता ते गाडीतील कागदपत्रांत, शीतगृहाच्या नोंदवहीत आणि प्रसंगी न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालात शोधावे लागते. हा बदल २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत झाला, त्यामुळे प्रस्तुत टिपणाचा भरही त्याच काळावर आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई बेटावरचे कत्तलखाने दाट वस्तीतून हलवून वांद्र्याला नेण्यात आले. तेथून मांस शहरातील मंडयांत येत असे. पुढे वांद्रेही शहराच्या पोटात आले आणि १९७१ मध्ये देवनारचे पशुवधगृह सुरू झाले. या सबंध काळात नियमनाचा हेतू आरोग्यरक्षणाचा होता. जनावराची वधपूर्व तपासणी, कापलेल्या धडाची वधोत्तर तपासणी, मांडीवर व फऱ्यावर उमटवलेला शिक्का आणि दुकानाला महापालिकेचा परवाना, एवढ्यावर व्यवहार पूर्ण होई. शिक्का असलेले मांस वैध आणि नसलेले जप्तीस पात्र, असा साधा हिशेब होता आणि तो खाटकालाही कळत होता, निरीक्षकालाही.

दुसरा धागा पशुसंरक्षणाचा आहे. राज्याचा पशुसंरक्षण कायदा १९७६ चा असून तो १९७८ मध्ये अमलात आला. त्याने गाईच्या वधावर पूर्ण बंदी घातली. वळू, बैल, म्हैस आणि तिची पारडी-रेडके यांच्या वधासाठी मात्र सक्षम अधिकाऱ्याचा दाखला बंधनकारक केला. जनावर शेतीकामाला, पैदाशीला किंवा दुधाला उपयोगी असेल किंवा पुढे होण्याची शक्यता असेल, तर दाखला नाकारला जाई. दाखला मिळालेले बैल देवनारमध्ये कायदेशीरपणे कापले जात होते, हे आजच्या चर्चेत अनेकदा विसरले जाते. याच व्यवस्थेच्या विरोधात ११ जानेवारी १९८२ पासून देवनारच्या दाराशी संपूर्ण गोवंशहत्याबंदीच्या मागणीसाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. १९९५ मध्ये विधिमंडळाने वळू व बैल यांनाही बंदीखाली आणणारे दुरुस्ती विधेयक मंजूर केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळायला मात्र सुमारे दोन दशके लागली.

या मधल्या काळात कायद्याची पायाभूत भूमिका बदलली. निरुपयोगी झालेल्या बैलांच्या वधावर सरसकट बंदी घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये म्हटले होते. ऑक्टोबर २००५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातच्या प्रकरणात ती भूमिका सोडून दिली आणि वय झालेला बैलही शेणमुताच्या रूपाने शेतीला उपयोगी असतो, हा युक्तिवाद ग्राह्य धरला. बंदीला न्यायालयात आव्हान मिळाले तरी ती टिकेल, हे तेव्हाच जवळपास निश्चित झाले होते. व्यवसायातील बहुतेकांनी मात्र त्याची दखल दहा वर्षांनी घेतली, आणि त्याची किंमत लहान व्यापाऱ्यांनी मोजली.

मार्च २०१५ च्या पहिल्या आठवड्यात दुरुस्ती अमलात आली. वधबंदीच्या उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद झाली. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने खरा पेच मात्र वधबंदीत नव्हता, कारण बैल कापायचा नाही ही गोष्ट समजायला आणि पाळायला सोपी आहे. पेच होता कायद्यात नव्याने आलेल्या पाच-क, पाच-ड आणि नऊ-ब या तीन कलमांत. पाच-क कलमाने राज्यात बेकायदा कापलेल्या गोवंशाचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवला. पाच-ड कलमाने राज्याबाहेर, म्हणजे जेथे असा वध कायदेशीर आहे तेथे कापलेले मांस बाळगण्यावरही बंदी आणली. या दोन्हींसाठी एक वर्षापर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड होता. नऊ-ब कलमाने तर पुराव्याचा भारच उलटवला: वध, वाहतूक, विक्री किंवा मांस बाळगणे कायद्याविरुद्ध नव्हते, हे आरोपीनेच सिद्ध करायचे.

कायद्याच्या पुस्तकात हा तपशील किरकोळ वाटेल, पण म्हशीच्या मांसाची कायदेशीर वाहतूक करणाऱ्या गाडीच्या चालकाला त्याचा अर्थ पहिल्याच नाक्यावर कळला. म्हशीचे आणि बैलाचे मांस एकदा हाडापासून सुटे करून खोक्यात भरले की नुसत्या नजरेने खात्रीने वेगळे ओळखता येत नाही. गाडी अडवली गेली की नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि अहवाल येईपर्यंत गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहते. शीतयंत्र चालू ठेवायला डिझेल लागते. ते संपले की माल जातो. पुढे अहवाल ‘म्हैसवर्गीय’ असा आला, तरी तोवर त्या मालाला गिऱ्हाईक उरलेले नसते. पोलिसांच्या हाती मांस ओळखण्याचे संच देण्याची योजना राज्यात २०१७ मध्ये पुढे आली, ती याच विलंबाच्या पार्श्वभूमीवर.

या दुरुस्तीला दिलेल्या आव्हानांवर मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी जो निकाल दिला, त्याचे वाचन अजूनही परस्परविरोधी रीतीने होते, म्हणून तो नेमका पाहायला हवा. वळू व बैल यांच्या वधावरील बंदी न्यायालयाने कायम ठेवली. पाच-ड हे कलम रद्द केले. आपल्या घरात आपल्या आवडीचे अन्न खाण्याच्या स्वातंत्र्यावर, पर्यायाने खासगीपणावर, ते अतिक्रमण करते, असे त्यामागचे कारण होते. नऊ-ब हेही घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाशी (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) विसंगत म्हणून रद्द झाले. पाच-क कलम शिल्लक राहिले, पण ‘बाळगणे’ म्हणजे जाणीवपूर्वक बाळगणे, असा अर्थ न्यायालयाने त्याला दिला. आपल्याजवळचे मांस बेकायदा वधाचे आहे हे त्या व्यक्तीला ठाऊक होते, ही बाब सिद्ध करण्याचे काम त्यामुळे फिर्यादी पक्षाकडे आले.

निकालानंतर ‘बाहेरून आणलेले चालेल’ असा सुटसुटीत मथळा सर्वत्र फिरला आणि काही हॉटेलचालकांनी तो शब्दशः घेतला. प्रस्तुत लेखकाच्या मते हे वाचन व्यवसायासाठी धोक्याचे आहे. पाच-ड रद्द करताना न्यायालयाने जो युक्तिवाद उभा केला, तो घरातल्या ताटाचा आणि व्यक्तीच्या खासगी निवडीचा आहे. शीतगृहात शेकडो किलो माल ठेवणारी किंवा तो घाऊक भावाने विकणारी कंपनी खासगीपणाच्या हक्कावर तितक्याच भक्कमपणे उभी राहू शकेल, असे त्या युक्तिवादातून आपोआप निघत नाही. कंपन्यांना निकालातून मिळालेला टिकाऊ लाभ दुसरा आहे, तो म्हणजे पुराव्याचा भार परत आपल्या जागी गेला. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, त्यामुळे पाच-डविषयीच्या भागाला बळ मिळाले, पण ते पुन्हा ग्राहकाच्या बाजूने. व्यापाऱ्यासाठी नऊ-ब महत्त्वाचे होते, आणि त्याची चर्चा मात्र फार कमी झाली.

शिवाय कायद्यातील भार उतरला तरी व्यवहारातील भार उतरला नाही. दाखला, वधोत्तर तपासणीचे प्रमाणपत्र, उचल केल्याची वेळ, गाडीचा क्रमांक आणि माल पोहोचल्याची पावती यांचा संच सोबत ठेवण्याची जी सवय २०१५ नंतर लागली, ती मोठ्या निर्यातदारांना परवडली, कारण त्यांच्याकडे परदेशी खरेदीदारांच्या अटींमुळे अशा नोंदी आधीपासूनच होत्या. न्हावा शेवा बंदरातून गोठवलेले, हाडे काढलेले म्हशीचे मांस बाहेर पाठवणाऱ्या कंपन्या आणि कुर्ल्याच्या गल्लीत चार कामगारांवर चालणारा पुरवठादार यांना कायद्याने एकाच तागडीत तोलले. बैल कापणे बंद झाल्याचा फटका धारावीच्या चामडे व्यवसायालाही बसला.

मे २०१७ मध्ये केंद्राने गुरांच्या बाजारांसाठी नियम काढले. बाजारात जनावर कत्तलीसाठी विकले जाणार नाही, अशी हमी त्यांत मागितली होती आणि ‘गुरे’ या व्याख्येत म्हशीही होत्या. ते नियम जसेच्या तसे टिकले असते, तर देवनारला येणारा म्हशींचा पुरवठा मुळातच अडला असता. मद्रास उच्च न्यायालयाने या नियमांना दिलेली स्थगिती जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू ठेवली आणि पुढे केंद्राने नियमांचा सुधारित मसुदा काढला.

तिसरा धागा अन्नसुरक्षेचा. ५ ऑगस्ट २०११ पासून २००६ चा अन्नसुरक्षा कायदा लागू झाला आणि १९७३ चा मांसपदार्थांविषयीचा आदेश त्यात विलीन झाला. वर्गवारी क्षमतेवर ठरते: दिवसाला दोन मोठी जनावरे, दहा लहान जनावरे किंवा पन्नास कोंबड्यांपर्यंत वध असेल तर नुसती नोंदणी पुरते. त्यापुढे पन्नास मोठी, दीडशे लहान किंवा हजार कोंबड्यांपर्यंत राज्याचा परवाना, आणि त्याहून अधिक क्षमतेला केंद्राचा. मांसप्रक्रिया करणाऱ्या कारखान्यासाठी दिवसाला पाचशे किलोच्या वर गेले की केंद्राचा परवाना लागतो. आठवड्याच्या मधल्या वारी चाळीस आणि रविवारी दोनशे कोंबड्या कापणारे चिकनचे दुकान यांपैकी कोणत्या वर्गात बसवायचे, हा प्रश्न मुंबईच्या प्रत्येक उपनगरात आहे, कारण मटणासाठी देवनार आहे तसे सामाईक वधगृह कोंबड्यांसाठी उभे राहिले नाही आणि बहुतेक पक्षी दुकानातच कापले जातात. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि मुंबईची मागणी रातोरात कोसळली, तेव्हाच ही उणीव स्पष्ट दिसली होती.

बंद दिवसांचा वाद या सर्वांपेक्षा जुना आहे, पण त्यालाही २०१५ मध्येच धार आली. जैनांच्या पर्युषण पर्वाच्या काळात एक दिवस पशुवधगृह बंद ठेवण्याचा महापालिकेचा ठराव १९६४ चा आहे. १९९४ मध्ये त्यात भर पडली आणि २००४ मध्ये राज्याच्या परिपत्रकाने आणखी दिवस सुचवले. हे सारे मिळून २०१५ मध्ये चार दिवसांची बंदी आली, तेव्हा मटण विक्रेते उच्च न्यायालयात गेले आणि १७ सप्टेंबरच्या विक्रीबंदीला स्थगिती मिळाली. वध आणि विक्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा फरक तेव्हा पहिल्यांदा ठळक झाला. वधगृह बंद असले तरी आदल्या दिवशीचा शीतगृहातील माल विकता येईल का, यावर वेष्टनबंद मांस विकणाऱ्या कंपन्यांचे सगळे नियोजन अवलंबून असते. ताजे कापून विकणाऱ्याला वधबंदी आणि विक्रीबंदी यांत फारसा फरक पडत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये हा विषय दोन दिशांनी परत आला. कल्याण-डोंबिवलीत १९८८ च्या निर्णयाचा हवाला देऊन स्वातंत्र्यदिनी मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश निघाला. दुसरीकडे मुंबईत पर्युषणाचे नऊ दिवस देवनार बंद ठेवावे, अशी मागणी उच्च न्यायालयात गेली. महापालिकेने २४ आणि २७ ऑगस्ट असे दोनच दिवस दिले होते आणि न्यायालयाने त्यापलीकडे तातडीचा दिलासा दिला नाही. देवनारचे मांस मुंबईसोबत आसपासच्या शहरांनाही जाते, त्यामुळे तेथील एक बंद दिवस शेजारच्या महापालिकांच्या हद्दीतही जाणवतो, तर प्रत्येक महापालिकेची बंद दिवसांची यादी वेगळी आहे. अनेक शहरांत माल पोहोचवणाऱ्या कंपनीला या सगळ्या याद्या एकत्र लावून मगच आठवड्याची खरेदी ठरवावी लागते.