गव्हाचा एक दाणा आणि चिखलदऱ्याचा घाट

"मामा, तीन फायली आहेत. कोणती टाकू?"

एप्रिलच्या भर दुपारी भाच्याचा फोन आला. परतवाड्याला त्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. अडीच लीटर इंजिनाची, बीएस-४ या जुन्या प्रदूषण-नियमांच्या काळातली पिकअप. हौदात पाइप, पडदे, खुर्च्या आणि मागे हुकाला जनरेटरची ट्रॉली. गाडीचे पाटे वाढवून झालेत, टायर रुंद झालेत, इंजिनात जाणारी हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा बसवलाय. राहिलं होतं ते इंजिनाचं डोकं: त्याला चालवणाऱ्या संगणकातले आकडे बदलायचे, म्हणजे रिमॅप. ट्यूनिंगवाल्यानं त्यासाठी तीन फायली दिल्या होत्या: 'इकॉनॉमी', 'टोइंग' आणि 'स्टेज टू'. भाच्याचा जीव अर्थातच तिसऱ्यावर.

"चिखलदऱ्याच्या घाटात गाडी दम टाकून राहिली मामा. पिकअपले पिकअपच नाही!"

मी आयुष्यभर फळ्यावर भौतिकशास्त्र शिकवलं. पाना हातात धरायची वेळ क्वचित आली. पण हा प्रश्न पान्याचा नव्हताच, हिशेबाचा होता.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवायची आणि त्या तापल्या हवेत डिझेल फवारायचं. किती, कधी आणि कोणत्या दाबानं, हे ईसीयू नावाची पेटी ठरवते. तिच्या पोटात कोष्टकं असतात. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळीत पायाखालचा ॲक्सिलरेटर. दोन्ही जिथे भेटतात त्या घरातला आकडा बघून इंजेक्टर उघडतो. रिमॅप किंवा ट्यून म्हणजे या घरांमधले आकडे खोडून नवे लिहिणं. नवा पिस्टन येत नाही, हवा जास्त येतेच असं नाही.

आकडा केवढा असतो? अडीच लीटरचं चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर २०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देत असेल, तर दर फवाऱ्याला साधारण ४२ मिलीग्रॅम डिझेल लागतं. गव्हाचा एक दाणा जवळपास तेवढाच भरतो. प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला सोळा-सतरा वेळा असा एक दाणा, आणि तोही डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी टाकून मोकळं व्हायचं. एका मिलिसेकंदात क्रँक १२ अंश पुढे सरकलेला असतो.

स्टेज टू म्हणजे दाण्याच्या जागी सव्वा दाणा. ऐकायला बरं वाटतं. पण तो जाळायला हवा कुठून आणणार?

एक ग्रॅम डिझेल पुरतं जळायला साडेचौदा ग्रॅम हवा लागते. म्हणजे आपल्या दाण्याला ६०० मिलीग्रॅम. शिवाय फवारा सगळीकडे सारखा मिसळत नाही, त्यामुळे धूर नको असेल तर हवा पाव हिश्श्यानं जास्तच ठेवावी लागते, साडेसातशेच्या पुढे. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून हवा दाबून आत ढकलणारा पंखा, नसता तर ४५ अंशांच्या उन्हात आपल्या सिलिंडरमध्ये ७०० मिलीग्रॅमही मावली नसती. गरम हवा विरळ असते. १२ अंशांच्या डिसेंबरच्या पहाटेपेक्षा मेच्या दुपारी त्याच जागेत दहा टक्के हवा कमी मावते. वर चिखलदऱ्याला पोचेपर्यंत परतवाड्याच्या मानानं आणखी आठ-नऊ टक्के कमी. ही तूट टर्बोला जास्त गरगरून भरून काढावी लागते, आणि लग्नसराई नेमकी याच दिवसांत.

हवा पुरली नाही की उरलेला कार्बन काळा धूर होऊन बाहेर पडतो. आपल्याकडे धूर ओकणारा ट्रॅक्टर म्हणजे ताकदीचा, असा एक लाडका गैरसमज आहे. तो धूर म्हणजे पंपावर पैसे मोजून घेतलेलं, न जळलेलं डिझेल. पेट्रोल गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिक इथे आणखी एका ठिकाणी फसतात. पेट्रोल जरा जास्त सोडलं तर ते ज्वलन थंड करतं. डिझेलमध्ये उलटं, जास्त इंधन म्हणजे जास्त ताप. टर्बोच्या तोंडाशी एक्झॉस्टचा वायू ७०० अंशांच्या वर रेंगाळू लागला की काळजी करायची. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. खालून तेलाचा फवारा पिस्टन थंड ठेवतो म्हणून तो टिकतो, पण किती वेळ? रिकाम्या गाडीला हायवेवर पाच सेकंद पूर्ण ॲक्सिलरेटर मिळतो. ट्रॉली ओढणाऱ्या गाडीला घाटात अर्धा-पाऊण तास.

इथे मी भाच्याला कागद-पेन घ्यायला लावलं. गाडी, माल आणि ट्रॉली मिळून चार टन. सहा टक्के चढ धरू, म्हणजे शंभर मीटर गेलं की सहा मीटर वर. वेग ताशी ३०. चढाचा आणि टायरच्या घर्षणाचा रेटा मिळून चाकांवर साधारण साडेचोवीस किलोवॅट लागतात, ३३ अश्वशक्ती.

"एवढीच?"

एवढीच. गिअरबॉक्स थोडी खाईल ती वेगळी. त्याच्या इंजिनात मुळातच याच्या जवळपास दुप्पट आहे. म्हणजे ताकद कमी पडतच नव्हती. मग दम का लागतो?

रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या जोरावर. कूलंट ९५ अंशांवर आणि बाहेर २० असेल तर फरक ७५ चा. बाहेर ४५ असेल तर उरतात ५०. तोच रेडिएटर, पण काम एक तृतीयांश कमी. इंजिन जेवढी शक्ती चाकांकडे पाठवतं, ढोबळमानानं तेवढीच उष्णता कूलंटमध्ये आणि तेवढीच एक्झॉस्टमध्ये जाते. त्यात घाटातला वेग कमी, समोरून वारा नाही. कूलंट फार तापलं की ईसीयू स्वतःच डिझेल कमी करतो, इंजिन वाचवायला. ड्रायव्हरला मात्र वाटतं, गाडी मेली.

"समोरची जाळी खोल आणि फोटो पाठव," मी म्हणालो.

फोटो आला. रेडिएटरच्या तोंडावर चक्क गोधडी! हिवाळाभर हीच पिकअप कापूस घेऊन जिनिंगला जायची. तो तंतू, वर धूळ, वर तेलाचा हात. बोटानं ओढला तर पट्टीसारखा सलग निघाला, म्हणे. आणि मोठ्या इंटरकूलरच्या नळीचा क्लिप ढिला; सांध्याभोवती काळं, ओशट वर्तुळ. टर्बोनं कष्टानं दाबलेली हवा तिथून फुसफुसत बाहेर चालली होती. अशा गाडीत स्टेज टू टाकणं म्हणजे दम लागलेल्या बैलाला पुराणी टोचणं.

फायलींचे आलेखही मी मागवले. स्टेज टूचा टॉर्क १५०० फेऱ्यांवरच भिंतीसारखा उभा चढत होता. त्या फेऱ्यांवर टर्बोनं अजून धड श्वास घेतलेला नसतो. डिझेल आधी, हवा मागून. सगळा झटका कनेक्टिंग रॉड आणि क्लच प्लेटवर. शिवाय धूर रोखणारी मर्यादा उघडी सोडलेली, आणि कूलंट तापल्यावर डिझेल कापणारं कोष्टक सपाट केलेलं. म्हणजे गाडी शेवटपर्यंत तक्रार करणार नाही, एकदम हेड गॅस्केटच उडवेल. मला राग आला तो या एका गोष्टीचा. बाकी कमी-जास्त चालतं, राखणदाराला झोपेची गोळी देणं चालत नाही.

इकॉनॉमीत फारसं काही नव्हतं, पेडल तेवढं मऊ केलेलं. ॲव्हरेजचं म्हणाल तर चार टन सातशे मीटर वर चढवायला जी ऊर्जा लागते तीच मुळी पाऊण लीटर डिझेलइतकी; इंजिन तिसरा हिस्साच कामी लावतं, म्हणून नुसत्या चढाला सव्वादोन लीटर. कुठल्याही फायलीनं चिखलदरा खाली येत नाही.

टोइंगचा आलेख मला आवडला. १६०० पासून सावकाश चढणारा, १८०० ते २६०० पर्यंत २३० न्यूटन मीटरच्या आसपास सपाट, दोन्ही मर्यादा जागेवर. घाटात गिअर न बदलता वळण काढायला हा सपाट भाग उपयोगी पडतो. शिखराचा आकडा मिरवायला असतो. एक अट मात्र घातली: माल भरून, ट्रॉली लावून घाटातली नोंद लॅपटॉपवर घ्यायची, रिकाम्या गाडीची नाही. आणि मूळ फाइलची प्रत आधी.

ब्रेक कुठल्याच फायलीत वाढत नाहीत, हेही सांगून टाकलं. कायदाही सांगितला: मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत मनाजोगे बदल करायला मोकळीक देत नाही, विमावाला अपघातानंतर नेमकं हेच शोधतो, आणि आरसीवरचं वजन रिमॅपनं बदलत नाही. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असती तर मी हात लावू नको म्हणालो असतो. तिथे जास्तीची काजळी थेट एक्झॉस्टमधल्या फिल्टरमध्ये साचते.

भाच्यानं आधी गोधडी काढली, क्लिप आवळला आणि मूळ फायलीवरच घाट चढून आला. अर्धं दुखणं तिथेच गेलं. मग टोइंग टाकली. मेच्या पहिल्या लग्नाला गेला तेव्हाची नोंद माझ्याकडे आहे: तिसरा गिअर, २१०० फेरे, कूलंट ९८ वर जाऊन थांबलेलं, धूर नाही. मूळ फाइलचा पेनड्राइव्ह माझ्या बहिणीनं देवघरात ठेवलाय, हळदी-कुंकवाच्या डबीशेजारी.

रात्री फोन आला. आवाज पडलेला.

"काय झालं रे? तापली का?"

"नाही मामा, गाडी मस्त चालून राहिली. पण घाटात एसटी पुढे निघून गेली."