वाळा, दवणा, दगडफूल : रानाचा वास अंगावर येईपर्यंत

साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला किंवा मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याबाहेर अत्तराच्या बाटल्यांसमोर थोडा वेळ उभं राहिलं की एक बदल लक्षात येतो. थोरली माणसं अजूनही मोगरा, गुलाब, केवडा, हिना मागतात. विशी-पंचविशीतली मुलं-मुली मात्र ‘खस’ (म्हणजे वाळा), ‘मिट्टी’, ‘नागरमोथा’, ‘शमामा’ हुंगून बघतात आणि मनगटावर घासून पाच मिनिटं थांबतात. त्यांना गोड वास नको असतो. पावसाचा, पाल्याचा, ओल्या खोडाचा वास हवा असतो.

ही आवड बाहेरून आली असं सहज म्हटलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. या वासांपैकी एकही आपल्याला नवा नाही. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी असते, दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा आणि कचोरा असतो, चैत्रात देवाला दवणा वाहिला जातो, मसाला भाजताना कढईत शेवटी दगडफूल पडतं. नवी आहे ती यांना अत्तर म्हणून अंगावर लावण्याची रीत. आपल्याकडे अंगावर मिरवला तो बहुतेक फुलांचा वास. मुळ्या, पानं, साली यांचा वास पाण्याला, देवाला, अंघोळीला आणि स्वयंपाकाला दिला गेला. अपवाद गजऱ्याचा. मोगऱ्याच्या कळ्यांमध्ये मरव्याची किंवा पाचेची चार पानं गुंफली की गजरा पुरा होई, आणि फुलं कोमेजली तरी पानांचा वास केसांत रेंगाळत राही.

पुस्तकात बघायला गेलं तर ही परंपरा फार मागे जाते. सहाव्या शतकात उज्जैनच्या परिसरात होऊन गेलेला वराहमिहिर ज्योतिषी म्हणून ठाऊक असतो, पण त्याच्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर, म्हणजे सुगंध तयार करण्याच्या विद्येवर, एक अख्खा अध्याय आहे. तिथे त्याने सोळा द्रव्यं दिली आहेत. त्यांत घन म्हणजे मोथा आहे, उशीर म्हणजे वाळा, शैलेय म्हणजे दगडफूल, दमनक म्हणजे दवणा, कर्चूर म्हणजे कचोरा, शिवाय धणे, अगरू, तगर, कापूर आणि चंदन. या सोळांतली चार-चार घेऊन त्यांचे भाग कमी-जास्त केले की किती सुगंध होतात याचं गणितही त्याने मांडलं आहे : 1,74,720. यादी पुन्हा वाचली की चकित व्हायला होतं, कारण त्यांत गुलाब-मोगऱ्याचं नाव नाही. ती जवळजवळ सगळी रानाची आणि मातीखालची यादी आहे. आज सांगलीच्या गणपती पेठेत काष्ठौषधी आणि मसाल्याच्या दुकानांतून एक फेरी मारली तर तिच्यातले निम्मे जिन्नस तासाभरात पिशवीत येतील.

मराठीशी या विद्येचा थेट धागाही आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधर नावाच्या लेखकाचा ‘गंधसार’ आणि त्याच्यासोबतचा ‘गंधवाद’ हे ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले. पैकी ‘गंधवादा’ला जुन्या मराठीतली टीका आहे. संस्कृत श्लोक समोर ठेवून हे द्रव्य कोणतं, किती घ्यायचं, कसं शिजवायचं, हे कुणीतरी मराठीत समजावून सांगत होतं. वाचणारा मराठी होता आणि त्याला खरोखर सुगंध करायचा होता, असाच याचा अर्थ मी घेते. ‘गंधसारा’त सुगंधी द्रव्यांचे वर्ग पाडले आहेत : पानं, फुलं, फळं, साली, लाकडं, मुळ्या, झाडांचे चीक-डिंक आणि प्राणिज पदार्थ. आठांतला फुलांचा वर्ग एकच, हे ध्यानात घेण्याजोगं आहे.

त्याआधी बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला आणि त्यात राजाच्या स्नान-विलेपनाच्या सुखांचं वर्णन केलं. साताऱ्याशी त्या घराण्याचं नातं होतं. सोमेश्वराचे वडील सहावे विक्रमादित्य यांनी कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येशी, चंद्रलेखेशी विवाह केला होता. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं कऱ्हाड तेव्हा कल्याणीच्या दरबाराला परकं नव्हतं.

मग फुलं पुढे कशी आली? याचं उत्तर बरंचसं दरबारात आहे. मोगलांकडे सुगंधाचा स्वतंत्र विभाग होता, ‘ऐन-ए-अकबरी’त त्याची नोंद आहे. आपल्याला जवळचं मात्र विजापूर. सातारा, मिरज हा सगळा मुलूख आदिलशाहीत होता. साताऱ्याचा किल्ला शिवाजी महाराजांनी 1673 मध्ये घेतला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी, म्हणजे 1580 ते 1627 या त्याच्या राजवटीत, ‘इत्र-ए-नौरसशाही’ हा सुगंधविद्येवरचा फारसी ग्रंथ लिहिला गेला. कपड्यांना, दालनांना, शरीराला सुगंध कसा द्यायचा हा त्या दरबाराच्या संस्कृतीचा भाग होता. पुढे मराठी दरबारांनीही तो शिष्टाचार उचलला. विडा दिला, अत्तर-गुलाब झाले, की दरबार उठला. लग्नाच्या मांडवात दाराशी पाहुण्याच्या हाताच्या मागच्या बाजूला अत्तर लावून गुलाबदाणी शिंपडण्याची पद्धत त्याचीच घरगुती आवृत्ती. कानात फाया ठेवणं हे पुरुषांचं. अत्तर विकणारे अत्तार, आणि सुगंधी मुळ्या-चूर्णं विकणारा गांधी. धंद्याची नावं आडनावं होऊन बसली. अत्तार हे आडनाव आजही मिरज-कऱ्हाडला सहज भेटतं. दरबारी अत्तराची छाप अशी पडली की अत्तर म्हणजे फुलांचं, असं आपण धरूनच चाललो.

तरी हिना आणि शमामा यांच्या पोटात रानच होतं. शमामा हे एका फुलाचं अत्तर नव्हे. त्यात नागरमोथा, जटामांसी, दगडफूल, वाळा आणि गरम मसाल्याचे जिन्नस असे कितीतरी पदार्थ एकत्र ऊर्ध्वपातित होतात आणि प्रत्येक घराण्याचा पाठ वेगळा असतो. उन्हाळ्यात खस लावावा, थंडीत हिना-शमामा, हा जुना ऋतुनियम. खस थंड, शमामा उष्ण. लावून पाहिलं की तो का पडला हे नाकाला समजतं.

ही अत्तरं होतात उत्तर प्रदेशातल्या कनौजला. कनौजच्या अत्तराला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रीत अशी : तांब्याच्या मोठ्या देगेत माल आणि पाणी भरायचं, झाकण मातीने लिंपून बंद करायचं, खाली लाकडाचा जाळ. वाफ बांबूच्या चोंग्यातून भपक्यात उतरते. भपका म्हणजे लांब मानेचं तांब्याचं भांडं, ते पाण्याच्या हौदात बुडवलेलं असतं आणि त्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं. वाफ थंड होते, तेलात सुगंध मुरतो, पाणी काढून पुन्हा देगेत घालतात. दुसऱ्या दिवशी ताजा माल, पुन्हा तेच. मोजमाप हाताला आणि कानाला माहीत असतं. भपक्याला हात लावून कारागीर ओळखतो की आता पाणी बदलायला हवं. चंदनतेलाशिवाय काढलेलं शुद्ध तेल म्हणजे रूह.

रूह खस हिरवा असतो, आणि इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. वाळ्याची मुळी तपकिरी-पिवळसर असते, तिच्यात हिरवं काही नाही. तांब्याच्या भांड्यात मुळीतली आम्लं तांब्याशी संयोग पावतात आणि तेलाला तो रंग येतो. स्टीलच्या भांड्यात काढलेलं वाळ्याचं तेल पिवळसर ते तांबूस दिसतं. खसच्या सरबताचा हिरवा रंग तर वरून घातलेला. पण वास खरोखर हिरवा आहे : आधी कापलेल्या गवताचा, मग ओल्या मातीचा, आणि तासाभराने जुन्या लाकडी कपाटाचा. वाळ्यातले रेणू जड असतात, सावकाश उडतात, म्हणून तो त्वचेवर दिवसभर टिकतो आणि दुसऱ्या वासांनाही धरून ठेवतो. मातीही तो तसाच धरतो. मुळ्या दोन-तीन मीटर खोल सरळ जातात, त्यामुळे बांधावर वाळ्याची रांग लावली की पावसाने माती वाहून जात नाही. माण-खटावच्या उतारांवर बांध धरणारं हे गवत माझ्या लेखी अत्तराइतकंच मोलाचं आहे.

माण, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात मृद्गंधाचं जे स्थान आहे ते महाबळेश्वरच्या धो-धो पावसात कळायचं नाही. वैशाखात रान फुफाट्यागत झालेलं असताना वळवाची एक सर येते आणि माणसं अंगणात उभी राहून नुसता श्वास घेतात. त्या वासाला 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं. त्यांच्याच लेखात उत्तर प्रदेशातल्या मिट्टीच्या अत्तराचा उल्लेख आहे. ज्याला शास्त्राने त्या वर्षी नाव दिलं, ते कनौजचे कारागीर आधीपासून बाटलीत भरत होते : भाजलेल्या मातीच्या चकत्या देगेत घालून, चंदनाच्या तेलात. त्या वासातला मोठा वाटा जिओस्मिन या द्रव्याचा, जे मातीतले सूक्ष्मजीव तयार करतात. 1965 मध्ये ते वेगळं ओळखलं गेलं. माणसाचं नाक त्याला अब्जांशाहूनही कमी प्रमाणात पकडतं.

सांगलीत मात्र मिट्टीचं अत्तर हातावर लावताच एखादा हात मागे घेतो, आणि ते समजून घेतलं पाहिजे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. पाणी उतरल्यावर घराघरांत जो गाळ राहिला त्याचा वासही मातीचाच होता. ज्यांनी आठ-आठ दिवस भिंती खरवडल्या त्यांना ओल्या मातीत पावसाळी आनंद सापडावा, असा आग्रह कुणी धरू नये.

दगडफुलाची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. हे फूल नाही, बुरशी आणि शेवाळ यांनी एकत्र राहून केलेला संसार आहे. झाडांच्या सालीवर, खडकांवर राखाडी पापुद्रे धरतात. कोरडं हुंगलं तर विशेष काही नाही. गरम तेल लागलं की पावसाळी जंगल उघडतं. कांदा-लसूण मसाल्यात ते मिरचीखाली दबतं, गोड्या मसाल्यात नीट बोलतं. युरोपात याचंच चुलत भावंड, ओकच्या झाडावरचं दगडफूल, अत्तराच्या एका अख्ख्या घराण्याचा पाया ठरलं. फ्रांस्वा कोटी यांनी 1917 मध्ये ‘शिप्र’ बाजारात आणलं आणि तेव्हापासून ओल्या, शेवाळी, सालीच्या वासांच्या अत्तरांना तेच नाव पडलं. त्याआधी 1882 मध्ये नेच्याच्या नावाचं ‘फूझेर रॉयाल’ आलं होतं. 1947 मध्ये जर्मेन सेलिए या महिलेने घडवलेलं ‘व्हाँ व्हेर’, म्हणजे हिरवा वारा, आलं. आज दुकानदार ‘ग्रीन’, ‘वुडी’ म्हणून जे सांगतात ती वर्गवारी तिकडची. जिन्नस मात्र आपल्या मसाल्याच्या डब्यातल्यासारखे. ओकच्या दगडफुलातल्या काही घटकांनी त्वचेला ॲलर्जी होते म्हणून युरोपीय संघाने 2019 पासून नव्या उत्पादनांत ते बंद केले. कोणतंही रानवट तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस बघावं, ते यासाठीच.

पाच म्हणजे पॅचुली, हेही पुष्कळांना माहीत नसतं. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींच्या घड्यांत कसर लागू नये म्हणून हिची पानं घालत, आणि युरोपात त्या वासावरून शाल अस्सल आहे का ते ओळखत. हिचीच एक बहीण, जांभळी मंजिरी, पावसाळ्यात कासच्या पठारावर फुलते. कास 2012 पासून जागतिक वारशात आहे. तिथली एक काडीही अत्तराच्या हौसेपायी उपटू नये. पाच कुंडीत छान येते.

आणि दवणा. चैत्र शुद्ध पक्षात देवाला दवणा वाहण्याचा दमनोत्सव धर्मशास्त्राच्या ग्रंथांत आहे आणि चैत्री पौर्णिमेला दवणी पौर्णिमा म्हणतात. शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी चढतात, जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा उधळला जातो. उन्हात, घामात, गुलालात तो कडवट-गोड वास मिसळतो. या वनस्पतीचं तेल आता मुख्यतः कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूतून निघतं आणि परदेशी अत्तरांत जातं. दवण्याचं तेल प्रत्येकाच्या कातडीवर वेगळं वासतं असं अत्तरवाले सांगतात : कुणावर पिकलेलं फळ, कुणावर वाळकं गवत. मी ते लावून पाहिलं. माझ्या मनगटावर पहिल्या क्षणी जर्दाळू आला आणि दहा मिनिटांनी आईच्या लोखंडी ट्रंकेचा वास. यात्रेहून आणलेली दवण्याची काडी ती नऊवारीच्या घडीत ठेवायची, आणि पुढच्या चैत्रापर्यंत काढायची नाही.